मागचे केस पुढे : केशरोपणाविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही पुरुषांच्या आनुवंशिक टकलाविषयी लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच दिशेला आहे : केशरोपण करावं का, आणि केलंच तर पदरात नक्की काय पडेल? (केशरोपण म्हणजे डोक्याच्या मागचे केस मुळासकट उचलून टकलावर लावणं. असा उचललेला केसांचा एक झुपका म्हणजे एक ग्राफ्ट.) त्यांतली काही पत्रं इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत आणि सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझं वय २३. नुकताच नोकरीला लागलोय. गेल्या दोन वर्षांत कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले. वडील आणि काका, दोघांनाही टक्कल आहे. एका क्लिनिकमध्ये २,५०० ग्राफ्टमध्ये 'कॉलेजमधली हेअरलाइन' परत देतो म्हणाले. हप्त्यांची सोयही आहे. दिवाळीच्या सुट्टीत करून टाकू का?
— वाचक, इचलकरंजी

आत्ता करू नका. केशरोपण वाईट म्हणून नव्हे, तर तुमचं टक्कल अजून वाटेत आहे म्हणून. ते कुठे जाऊन थांबेल हे २३ व्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही. वडील आणि काकांकडे पाहिलं तर ते बरंच पुढे जाण्याची शक्यता धरून चालायला हवं.

डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस टक्कल पाडणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला दाद देत नाहीत. ते पुढे आणून लावले तरी मूळचा गुण सोडत नाहीत, म्हणून टिकतात. पण त्यांच्या शेजारचे, तुमचे जन्माचे केस मात्र गळतच राहतात. आज कोपरे भरले तर पाच-सात वर्षांनी पुढे लावलेल्या केसांची एक पट्टी उरेल आणि तिच्या मागे मोकळी जागा दिसू लागेल. मग ती जागा भरायला पुन्हा ग्राफ्ट, नंतर भोवऱ्यासाठी पुन्हा ग्राफ्ट. मागचा साठा तोवर निम्मा संपलेला असतो. शिवाय कॉलेजमधली खाली आलेली, गोलसर हेअरलाइन २३ व्या वर्षी शोभते. ४५ व्या वर्षी इतर केस विरळ झाल्यावर तीच रेघ खोटी दिसते आणि ती पुसताही येत नाही.

आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ते डर्मोस्कोपने, म्हणजे प्रकाश असलेल्या भिंगाने, केसांची जाडी पाहतील. पुढचे केस बारीक होत चाललेत का आणि मागचे दणकट आहेत का, हे दोन्ही पाहायला हवं. मागच्या पट्ट्यातही पाचात एकापेक्षा जास्त केस बारीक झालेले आढळले तर रोपणाचा विचारच सोडावा लागतो, कारण तिथून उचललेला केसही पुढे जाऊन गळणार. अशी तपासणी न करता ग्राफ्टचा आकडा सांगणाऱ्याने तुमचं डोकं नव्हे, तुमची घाई पाहिली आहे.

गळती रोखणारी औषधं असतात, त्यांच्याविषयी पुढे एका उत्तरात लिहिलं आहे. ती सुरू झाली की किमान १२ महिने नियमित घ्या. दर तीन महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, कोरड्या केसांचे चार फोटो काढा : समोरून, दोन्ही बाजूंनी आणि वरून. आरशातल्या अंदाजावर विसंबू नका. वर्षभराने गळती थांबल्याचं फोटोत दिसलं तर पंचविशी-तिशीच्या टप्प्यावर रोपणाचा विचार करता येईल. बऱ्याच तरुणांना तेव्हा त्याची गरजच उरलेली नसते. आणि हप्त्यांची सोय आहे, हे शस्त्रक्रिया करण्याचं कारण होऊ शकत नाही.

वय ४६. कपाळापासून भोवऱ्यापर्यंत सगळं मोकळं आहे. फक्त मागे आणि बाजूला केस आहेत. जाहिरातीत '६,००० ग्राफ्ट, एकाच बैठकीत फुल कव्हरेज' वाचलं. माझं डोकं पूर्वीसारखं भरेल का?
— वाचक, नाशिक

पूर्वीसारखं भरणार नाही. का, ते हिशेबानेच दाखवतो. हा हिशेब प्रत्येक उमेदवाराने सही करण्याआधी स्वतः मांडून पाहावा.

तुम्ही वर्णन केलंय ते नॉरवूड मोजपट्टीवर सहाव्या टप्प्याचं टक्कल आहे. १९५१ साली हॅमिल्टन यांनी केलेली टकलाच्या टप्प्यांची वर्गवारी नॉरवूड यांनी १९७५ मध्ये सुधारली. तीच पट्टी आजही जगभर वापरतात. या टप्प्यावर उघडी जागा साधारण २०० चौरस सेंटिमीटर असते. केस त्वचेतून एकेकटे नव्हे, तर एक ते चार केसांच्या झुपक्यांनी उगवतात. असा एक झुपका म्हणजे एक ग्राफ्ट. निरोगी डोक्यावर चौरस सेंटिमीटरला ७० ते ८० झुपके असतात. म्हणजे तुमच्या उघड्या जागेवर एके काळी १५,००० च्या आसपास झुपके होते.

आता जमेची बाजू. मागचा सुरक्षित पट्टाही जवळपास तेवढाच, २०० चौरस सेंटिमीटरच्या आतबाहेर. त्यातही १५,००० झुपके धरले, तरी सगळे उचलता येत नाहीत. साधारण चाळीस टक्क्यांपलीकडे गेलात तर मागची बाजू कसर लागल्यासारखी दिसू लागते. म्हणजे बहुतेकांच्या हाती आयुष्यभरासाठी ५,००० ते ६,००० ग्राफ्ट असतात. ज्यांचे मागचे केस मुळात विरळ, त्यांच्याकडे त्याहून कमी. एकदा उचललेल्या जागी पुन्हा केस येत नाही. गेलेले १५,००० आणि हातातले ६,००० यांचा मेळ कोणत्याही यंत्राने बसत नाही. इथे अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात.

तरीही समाधानकारक दिसणं शक्य असतं, त्याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. घनता जवळजवळ निम्मी होईपर्यंत बघणाऱ्याला विरळपणा जाणवत नाही. म्हणून चौरस सेंटिमीटरला ३५ ते ४० ग्राफ्ट नीट लावले तर ती जागा भरल्यासारखी दिसते. हे सगळीकडे करता येत नाही, म्हणून जागा निवडावी लागते. पुढच्या ७० चौरस सेंटिमीटरला ४० च्या दराने २,८०० ग्राफ्ट. त्यामागच्या मधल्या ६० चौरस सेंटिमीटरला २५ च्या दराने १,५००. झाले ४,३००. उरलेले राखून ठेवायचे. भोवरा शेवटी, तोही हलका, किंवा अजिबात नाही. समोर बसलेल्या माणसाला तुमचा चेहरा आणि त्याची चौकट दिसते, भोवरा दिसत नाही. शिवाय भोवऱ्यावर केस चक्राकार पसरतात, एकमेकांवर पडून झाकत नाहीत, त्यामुळे तिथे ग्राफ्ट जास्त लागतात आणि परिणाम कमी दिसतो. भोवऱ्यापासून सुरुवात करणाऱ्यांचा साठा अशा जागी संपतो, जी त्यांना स्वतःलाही आरशात दिसत नाही.

हेअरलाइनची जागा हाही हिशेबाचाच भाग. दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून ती सात-आठ सेंटिमीटर वर असावी, मोठं टक्कल असेल तर आणखी थोडी वर. एक सेंटिमीटर खाली आणली की कानापासून कानापर्यंतच्या त्या पट्टीत आठशे-हजार ग्राफ्ट सहज जातात. कानशिलाजवळचे कोपरे थोडे आत गेलेलेच ठेवायचे. प्रौढ पुरुषाचे ते तसेच असतात. पहिल्या दोन-तीन ओळींत फक्त एक-एक केसाचे ग्राफ्ट, तेही मुद्दाम वाकडेतिकडे. त्यामागे दोन केसांचे, आणि तीन-चार केसांचे झुपके सर्वांत मागे. पुढचे केस कपाळाच्या दिशेने जवळजवळ आडवे निघाले पाहिजेत. ते सरळ उभे लावले तर घनता कितीही असो, लांबूनही लावलेले कळतात.

'एका बैठकीत ६,०००' यावर दोन इशारे. एक, बैठक जितकी लांबते तितके ग्राफ्ट शरीराबाहेर जास्त वेळ राहतात, भुलीचं औषध वाढतं आणि हात थकतात. २,५०० ते ३,००० च्या दोन बैठका, मध्ये आठ-दहा महिने, हा शहाणपणाचा मार्ग. दुसरा, आकडा ग्राफ्टचा आहे की केसांचा, हे लेखी घ्या. एका ग्राफ्टमध्ये सरासरी दोन केस असतात. ६,००० केस म्हणजे ३,००० च ग्राफ्ट. काही ठिकाणी तीन केसांचा झुपका चिरून त्याचे तीन ग्राफ्ट मोजतात. बिल वाढतं, केस तेवढेच राहतात.

साठा कमी पडला तर दाढीचे केस घेता येतात. ते जाड असतात, पण पोत वेगळा. त्यामुळे मध्यभागी भर घालायला चालतात, हेअरलाइनला नाही. छातीचे केस फारसे लांब वाढत नाहीत, त्यांच्यावर मदार ठेवू नये.

एफयूई, एफयूटी, डीएचआय, सफायर, बायो… नावं ऐकून डोकं गरगरतं. चांगली पद्धत कोणती?
— वाचक, सोलापूर

काढण्याच्या पद्धती दोनच आहेत. एफयूटीमध्ये मागून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंद आणि वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब कातडीची पट्टी कापतात, जखम शिवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीचे एक-एक झुपके सुटे करतात. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. आडवी रेघ कायम राहते, केस बारीक कापले की ती दिसते. एफयूईमध्ये ०.८ ते १ मिलिमीटर व्यासाच्या फिरत्या पोकळ पंचने एकेक झुपका सुटा करून चिमट्याने ओढून घेतात. 'व्रण नाही' हा दावा चुकीचा आहे. २,५०० ग्राफ्ट म्हणजे २,५०० बारीक पांढरे ठिपके. विखुरलेले असल्याने ते सहसा लक्षात येत नाहीत, एवढंच.

बाकीची नावं बहुतेक लावण्याच्या हत्याराची आहेत. सफायर म्हणजे छिद्र पाडायच्या पात्याचा खडा. डीएचआय म्हणजे पोकळ सुईच्या पेनाने केस थेट रोवणं. 'बायो' या शब्दाला शस्त्रक्रियेत ठरलेला असा काही अर्थ नाही.

निकाल ठरतो तो हातावर. त्वचेखाली मुळाची दिशा बाहेरच्या केसापेक्षा थोडी वेगळी असते. पंचचा कोन चुकला की मूळ मधेच चिरतं आणि तो ग्राफ्ट वाया जातो. कुशल हाताकडून असं शंभरात पाचांपेक्षा कमी वेळा होतं. घाईत हेच प्रमाण कितीतरी वाढतं आणि रुग्णाला ते कधीच कळत नाही, कारण वर्षभराने न उगवलेला केस कशामुळे उगवला नाही हे सांगता येत नाही. दुसरा शत्रू कोरडेपणा. काढलेले ग्राफ्ट थंड सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट या क्षारांच्या द्रावणात बुडलेले असायला हवेत. पंख्याखाली गॉजवर काही मिनिटं उघडे राहिले तरी त्यातल्या पेशी मरतात. तिसरं म्हणजे रोवताना चिमट्याने मुळाचा कंद दाबला जाणं. कंद धरायचा नसतो, भोवतीची चरबी हलकेच धरायची. काढताना, सांभाळताना आणि रोवताना काळजी घेतली तर दहापैकी नऊ ग्राफ्ट जगतात.

म्हणून पद्धत विचारण्यापेक्षा हे विचारा : पंच कोण चालवणार? छिद्रं कोण पाडणार? त्या दिवशी डॉक्टर एकाच वेळी किती रुग्ण घेतात?

लग्न मार्गशीर्षात ठरलंय. श्रावणात केशरोपण केलं तर लग्नापर्यंत केस येतील ना?
— वाचक, सातारा

येणार नाहीत. उलट फोटो काढायला तो सर्वांत वाईट काळ असेल.

पहिले दहा-बारा दिवस खपल्या असतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात कपाळाला सूज येते, कधी ती डोळ्यांपर्यंत उतरते. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले केस गळून पडतात, मुळं मात्र आत शाबूत असतात. आजूबाजूचे मूळचे केसही धक्क्याने काही काळ झडू शकतात, म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षाही डोकं विरळ दिसतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कुरळे, लोकरीसारखे केस फुटू लागतात. सहाव्या महिन्याला निम्मा निकाल, बाराव्याला जवळपास पूर्ण आणि भोवऱ्यावर दीड वर्षही लागतं. श्रावण ते मार्गशीर्ष म्हणजे चारच महिने.

लग्नापूर्वी हवंच असेल तर निदान वर्षभर आधी करायला हवं होतं. आता लग्न होऊ द्या, मग सावकाश ठरवा. त्या दिवसापुरते केसांवर भुरभुरायचे केराटिन तंतू चालतात, पण ते असलेल्या केसांना चिकटतात, गुळगुळीत टकलावर उपयोग नाही. एक आग्रहाचं सांगणं : होणाऱ्या पत्नीला हे आधीच सांगा. गळती रोखणारी औषधं पुढे कित्येक वर्षं घ्यायची आहेत, घरात बाटली दिसणारच आहे.

यजमानांचं केशरोपण होऊन पाच आठवडे झाले. लावलेले बहुतेक केस गळाले. क्लिनिकवाले म्हणतात थांबा. आमची फसवणूक झाली का? यजमान हेल्मेटही घालत नाहीत, आणि मोटारसायकलवर जातात.
— वाचिका, अहिल्यानगर

वरच्या उत्तरातला क्रम पाहा. पाचव्या आठवड्यात केस गळणं हे ठरल्याप्रमाणेच चाललं आहे. खपलीसोबत नुसता केस पडला तर चिंता नाही. पहिल्या आठवड्यात ग्राफ्ट निसटून रक्त आलं असेल तरच तो ग्राफ्ट गेला. नऊ-दहा दिवसांनंतर ग्राफ्ट घट्ट बसलेले असतात, ओढले तरी निघत नाहीत.

हेल्मेटची भीती आता नको. पहिले दोन-तीन आठवडे घट्ट हेल्मेट टाळायचं, म्हणजेच तेवढे दिवस मोटारसायकलही टाळायची. आता ते घालायलाच हवं. आतून सुती कापड लावा, काढताना मागे न घासता सरळ वर उचला.

पुढचे काही महिने पिकलेल्या बारीक पुटकुळ्या येऊ शकतात. नवा केस त्वचेतून वाट काढताना हे होतं. एक-दोन असतील तर कोमट पाण्याचा शेक पुरतो. खूप आल्या, दुखू लागल्या किंवा एखाद्या जागी कातडी काळी पडली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मागच्या बाजूचा बधिरपणा काही महिने टिकू शकतो.

आणि सिगारेट, तंबाखू, मशेरी यांतलं काही असेल तर बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या मुळांना रक्त कमी पडतं. तोंडातून घेतलेली तंबाखूही यात सुटत नाही. मूल्यमापन बाराव्या महिन्यात करा, त्याआधी नाही.

गोळ्या आयुष्यभर घ्यायची भीती वाटते. पुरुषत्वावर परिणाम होतो असं ऐकलं. त्यापेक्षा एकदाच ऑपरेशन करून मोकळं झालेलं बरं नाही का?
— वाचक, पणजी

ऑपरेशनने मोकळं होता येत नाही, इथेच गफलत होते. रोपणाने रिकामी जागा भरते, गळती थांबत नाही. उरलेले केस टिकवायचं काम औषधांचंच आहे.

फिनास्टराइडची १ मिलिग्रॅमची गोळी टेस्टोस्टेरॉनचं डीएचटीत रूपांतर करणारं विकर (एन्झाइम) अडवते. रक्तातलं डीएचटी त्यामुळे साधारण दोनतृतीयांशाने उतरतं. अमेरिकेत १९९७ साली ती टकलासाठी मंजूर झाली. मूळ चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळी घेणाऱ्यांत ३.८ टक्के होत्या आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के. म्हणजे त्रास होतो, पण थोड्यांना, आणि बहुतेकांचा गोळी थांबवल्यावर जातो. काहींनी तो नंतरही टिकल्याचं नोंदवलं आहे. त्याकडे दुर्लक्ष करू नये. २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. पूर्वी नैराश्य असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि गोळी सुरू असताना मन खचू लागलं तर ती थांबवून भेटा. आणखी तीन गोष्टी. प्रोस्टेटसाठी करतात त्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा या गोळीने निम्मा दिसतो, त्यामुळे तपासणी करताना गोळीचं नाव सांगायचं. गोळी चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर रक्तदान करायचं नाही. आणि गर्भवतीने फुटलेल्या गोळीला हात लावू नये.

गोळी नकोच असेल तर ५ टक्के मिनॉक्सिडिलचं द्रावण, दिवसातून दोनदा १ मिलिलिटर, कोरड्या टाळूवर लावायचं. सुरुवातीच्या दोन ते सहा आठवड्यांत केस जास्त गळतात. तिथे घाबरून बंद करणारे फार. उपयोग दिसायला चार-सहा महिने लागतात आणि सोडलं की मिळवलेले केस तीन-चार महिन्यांत जातात. घरात मांजर असेल तर हे औषध लावलेलं डोकं आणि उशी तिच्यापासून लांब ठेवा. मांजरांना ते विषारी आहे. मिनॉक्सिडिल गळती लांबवतं, पण डीएचटी अडवत नाही. म्हणून फक्त त्याच्या भरवशावर रोपण करणाऱ्याने साठा राखून, लहान बैठकीचंच नियोजन करावं.

पीआरपीच्या, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटयुक्त द्रवाच्या, इंजेक्शनांनी बारीक झालेल्या केसांना काही प्रमाणात जोर मिळू शकतो. गुळगुळीत टकलावर नवा केस त्याने उगवत नाही.

वय ३४. भांग रुंद होत चाललाय, ओंजळभर केस जातात. बाळ पाच महिन्यांचं आहे. बायकांचं केशरोपण होतं का?
— वाचिका, रत्नागिरी

होतं, पण तुम्हाला त्याची गरज असण्याची शक्यता कमी. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाट्याने गळतात आणि बहुतेकींचे वर्षभरात भरून येतात. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, कडक डाएट यांनंतरही असंच होतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. स्तनपान चालू आहे तोवर मिनॉक्सिडिल स्वतःहून लावू नका.

बायकांमध्ये विरळपणा अनेकदा डोकंभर पसरलेला असतो, मागेही. जिथून उचलायचं तिथलाच केस कमकुवत असेल तर रोपण अर्थहीन. घट्ट वेणी किंवा अंबाड्याच्या ताणाने कपाळाकडचे केस गेले असतील, किंवा जन्मतः कपाळ मोठं असेल, तर मात्र चांगला उपयोग होतो. ताण आधी बंद करायचा.

दाढीत आणि डोक्यात गोल चाई पडली आहे. तिथे केस लावता येतील?
— वाचक, जळगाव

नाही. चाईमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणाच मुळांवर हल्ला करते. ती लावलेल्या केसांवरही करेल. मुळं जिवंत असतात, म्हणून इंजेक्शन आणि औषधांनी केस परत येऊ शकतात. डाग गुळगुळीत, चकचकीत झाला असेल, त्वचेची छिद्रंच दिसत नसतील किंवा कडेला लाली आणि खवले असतील तर तो व्रण करणारा आजार असू शकतो. त्याला बायॉप्सी लागते, आणि तो निदान दोन वर्षं शांत राहिल्याशिवाय रोपण करत नाहीत.

केशरोपणानंतर मृत्यू झाल्याच्या बातम्या वाचून घरचे घाबरलेत. डॉक्टर कसा पारखायचा?
— वाचक, ठाणे

भीती अनाठायी नाही. २०१६ मध्ये चेन्नईत एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा आणि २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. मुंबईच्या घटनेत एकाच बैठकीत ९,००० हून जास्त ग्राफ्ट लावल्याचं प्रसिद्ध झालं होतं. त्यानंतरही अशा घटना घडल्या आहेत.

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. केशरोपण रीतसर शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावं, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञाने. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणं पुरेसं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदीत पडताळा. दंतवैद्य, 'ट्रायकॉलॉजिस्ट' किंवा 'सीनियर टेक्निशियन' ही त्याला पर्यायी पात्रता नाही.

धोका मुख्यतः भुलीच्या औषधाचा. लिग्नोकेन हे नेहमीचं भुलीचं औषध अॅड्रिनलिनसोबत दिलं तर किलोला ७ मिलिग्रॅम ही मर्यादा. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांच्या द्रावणाचं फक्त २१ मिलिलिटर. दिवसभराच्या बैठकीत 'दुखतंय' म्हटलं की सुई, असं होत गेलं आणि कुणी बेरीज ठेवली नाही तर मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात घणघण जाणवली तर ताबडतोब सांगा, पुढची पायरी झटक्यांची असते. भेटीच्या वेळी विचारा : माझं वजन धरून एकूण डोस कोण मोजणार? ऑक्सिजन, मॉनिटर, अॅलर्जीच्या झटक्यासाठी अॅड्रिनलिन त्याच खोलीत आहे का? जवळचं अतिदक्षता केंद्र कोणतं? रक्तदाब, साखर, ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या न करता तारीख देणाऱ्याकडून उठून या.

शुद्ध सौंदर्यासाठी केलेल्या रोपणाला आरोग्यविमा सहसा मिळत नाही, आणि इतर उपचारांना असलेली जीएसटीची सूटही नाही. अंतिम आकडा करासकट लेखी घ्या.

वय ६१. तीसेक वर्षांपूर्वी केशरोपण केलं होतं. पुढे बाहुलीच्या डोक्यासारखे गुच्छ दिसतात, मागे गोल व्रण आहेत. आता सुधारता येईल का?
— वाचक, पुणे

बऱ्याच प्रमाणात येईल. मागचा केस पुढेही मागच्यासारखाच वागतो, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये मांडलं. त्यांच्या पद्धतीत ४ मिलिमीटरचे गोल तुकडे लावत. एका तुकड्यात दहा-वीस केस. मधली जागा मोकळी राहायची, म्हणून ते गुच्छ. १९९० च्या दशकात एक-एक झुपका सुटा करून लावायची रीत रुजली, तेव्हा हे थांबलं.

दुरुस्तीत सर्वांत पुढचे गुच्छ बारीक पंचने पोखरतात. निघालेले केस एक-एक, दोन-दोनचे करून पुन्हा लावतात, त्यामुळे ते वाया जात नाहीत. चार-सहा महिन्यांनी जागा भरली की जुन्या रेघेच्या पुढे एक-एक केसाची मऊ किनार लावतात आणि उरलेले गुच्छ तिच्या आड जातात. एका बैठकीत हे होत नाही, दोन-तीन लागतात. मागचे गोल व्रण टाळूवर गोंदलेल्या रंगाच्या सूक्ष्म ठिपक्यांनी झाकता येतात. व्रणाच्या कातडीत रक्तपुरवठा कमी असल्याने तिथे लावलेले ग्राफ्ट कमी जगतात. म्हणून आधी पन्नास-शंभर लावून सहा महिने पाहायला सांगा.

तुमच्या वयात अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असण्याची शक्यता आहे. केसांच्या डॉक्टरने सांगितलं म्हणून ती बंद करू नका, आधी हृदयरोगतज्ज्ञाची लेखी संमती घ्या. त्यांनी नकार दिला तर रंगाच्या ठिपक्यांवर आणि केस थोडे वाढवून मागे वळवण्यावर भागवता येतं.